का? कसं? कशामुळे? : खोट्या पत्रपेट्या



या आठवड्यात सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतो, म्हणून छापत नाही. तो लिहितो, "माझी धाकटी बहीण चौथीत आहे. सकाळी तिची बोटं वळत नाहीत, गुडघे सुजतात. दुपारी मात्र छान खेळते. मला वाटायचं, शाळा बुडवायला नाटक करते. मी खूप चिडवायचो. आता डॉक्टर म्हणतात, तिला संधिवात आहे. आठवड्यातून एकदा एटानरसेप्टचं इंजेक्शन द्यायचंय. पण संधिवात तर आजीला होतो ना? आणि तापाची गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते, मग हे औषध आठवडाभर कसं पुरतं?"

मित्रा, आधी पहिला प्रश्न. संधिवात मुलांनाही होतो. रात्रभर सांधे हलत नाहीत, म्हणून सकाळी ते जास्त आखडलेले असतात. हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळे होतात. म्हणजे तुझ्या बहिणीचं सकाळचं रडू खरं आणि दुपारची लंगडीही खरी!

आता औषधाची गंमत. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी टीएनएफ नावाचं एक प्रथिन सोडतात. ते जणू तातडीचं पत्रच, 'धोका आहे, धावा!' दुसऱ्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला हे पत्र घेणाऱ्या पेट्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. पेटीत पत्र पडलं की तिथं रक्त वाढतं, सूज येते, दुखतं. हाच दाह. एरवी तो आपल्या भल्याचाच असतो. पण संधिवातात शत्रू नसतानाही पत्रं सुटतच राहतात आणि आपलेच सांधे खराब होतात.

या सगळ्या गोंधळात टीएनएफ हा म्होरक्या आहे, हे लंडनमध्ये डॉ. रविंदर मैनी आणि डॉ. मार्क फेल्डमन यांनी दाखवून दिलं. मैनींचा जन्म 1937 सालचा, आपल्या पंजाबातल्या लुधियानाचा बरं का! 1992 साली त्यांनी टीएनएफला अडवणारं एक प्रतिपिंड रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि दुखरे सांधे उतरू लागले.

पत्र अडवायची आणखी एक युक्ती आहे. पेशीवरची पेटीच कापून घ्यायची आणि रक्तात सोडून द्यायची. पत्रं या खोट्या पेटीत पडतील आणि कुणी वाचणारच नाही! पण एक अडचण होती. नुसती पेटी फार छोटी. ती रक्तातून लवकर नाहीशी होते. मग काय उपयोग?

इथं शास्त्रज्ञांना प्रतिपिंडांची आठवण झाली. आपल्या रक्तातली बरीचशी प्रतिपिंडं तीन-तीन आठवडे टिकतात. का? एक तर ती आकारानं मोठी, मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहसा निसटत नाहीत. दुसरं म्हणजे त्यांच्या शेपटीत एक 'पास' असतो. रक्तवाहिन्यांच्या पेशी रक्तातली प्रथिनं गिळतात आणि मोडून टाकतात. पण ही शेपटी दिसली, की पेशीतला एक रक्षक तिला धरतो आणि सुखरूप परत रक्तात सोडतो.

मग पेटीलाच ही शेपटी लावली तर? 1991 च्या सुमाराला अमेरिकेत डॅलस इथं ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं असं जोडप्रथिन तयार केलं. एटानरसेप्टही त्याच जातीचं. यात डिंक लागत नाही हं! पेटीचं जनुक आणि शेपटीचं जनुक यांचे तुकडे जोडायचे आणि चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालायचे. मोठ्या टाक्यांत वाढणाऱ्या त्या पेशी जोडलेलं प्रथिन तयार करतात. एका शेपटीवर दोन पेट्या येतात, त्यामुळे पकडही घट्ट. हे औषध तीन आठवडे टिकत नाही, पण रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण चार दिवस लागतात. म्हणून आठवड्याला एक सुई पुरते. गोळी का नाही? कारण हे प्रथिन आहे. पोटात गेलं तर वरणातल्या प्रथिनांसारखं पचून जाईल!

अमेरिकेत 1998 मध्ये मोठ्यांसाठी आणि 1999 मध्ये मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली.

आईबाबांनी एवढं लक्षात ठेवावं. हे औषध आजार मुळातून काढत नाही. पत्रं सुटतच असतात, ती फक्त अडवली जातात. म्हणून मनानं बंद करू नये. आणि क्षयाच्या जंतूंना आवरायला टीएनएफ लागतो, म्हणून डॉक्टर आधी क्षयाची तपासणी करतात. औषध चालू असताना ताप आला, तर लगेच त्यांना सांगावं.

आणि मित्रा, बहिणीच्या बाईंना तूच जाऊन सांग. पहिल्या तासाला तिचं लिहिणं मागं पडलं तर तो आळस नाही.

घरी करून पाहा : दोन्ही हातांच्या बोटांना आइस्क्रीमच्या काड्या बांधा, बोटं वळता कामा नयेत. आता शर्टाची बटणं लावा, दप्तर भरा. किती वेळ लागला, ते मला कळवा.

तुमचा,
विज्ञानदादा