बोअर मारायला सगळे तयार, पाणी तपासायला कुणीच नाही

थेट मुद्द्यावर येतो. अंगणात बोअर मारणं हा आपल्याकडचा सगळ्यात सोपा व्यवहार झालाय. गाडी येते, घरघर होते, चिखल उडतो, पाणी लागतं, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. त्या पाण्यात काय आहे, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. पुढची पंधरा वर्षंही कुणी विचारत नाही. कायदाही विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: कायद्यानं विचारलं पाहिजे, आणि तो विचारत नसेल तर आपण त्याला विचारायला लावलं पाहिजे.

मी सुरतेच्या बमरोलीत राहतो. सीमाभाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बेळगाव, निपाणी, खानापूर, भालकी येतं. पण ताप्ती लाईननं नवापूर ओलांडून आलेली जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसंही सीमेपलीकडचीच. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, बमरोली इथं आमच्या दोन-तीन पिढ्या लूमवर आणि रंगाईच्या गिरण्यांत गेल्या. गल्लीत अहिराणी ऐकू येते, दारात कळण्याची भाकरी मिळते. आणि ओट्याखाली बोअर असतो.

बमरोली २००६ पर्यंत गाव होतं. त्या वर्षी सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि गाव शहरात आलं. शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटवर रो-हाऊस उभी राहिली. नळ येण्याआधी बोअर आले. नळ आल्यावरही ते राहिले, कारण नळाला वेळ असते आणि बोअरला बटण असतं. बटण दाबलं की पाणी. अंघोळ, धुणी, भांडी त्यावरच. मे महिन्यात पाहुणे आले की पिण्याचा हंडाही त्याच्याच खाली लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झालं. २४ सप्टेंबर २०२० ला जलशक्ती मंत्रालयानं भूजल उपशाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात उद्योगांना, मोठ्या बांधकामांना, गृहसंकुलांना ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पिण्यासाठी आणि घरवापरासाठी पाणी काढणाऱ्या स्वतंत्र घराला मात्र सूट आहे. ही सूट योग्य आहे. चार माणसांच्या घराला हंडाभर पाण्यासाठी दिल्लीची परवानगी मागायला लावणं हा अन्यायच झाला असता.

पण सूट कशातून होती? परवानगीतून. प्रत्यक्षात ती सगळ्यातूनच सूट झाली. नोंद नाही, खोलीचा कागद नाही, केसिंग कुठपर्यंत टाकलं त्याचा हिशेब नाही, पाण्याची तपासणी नाही. ज्या घराला परवानगीची गरज नाही, त्या घराच्या तब्येतीचीही कुणाला फिकीर नाही, असा त्याचा अर्थ लागलाय.

दुसरा नियम सुप्रीम कोर्टाचा. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडत होती, म्हणून ११ फेब्रुवारी २०१० ला कोर्टानं सूचना दिल्या. बोअर मारण्याआधी जमीनमालकानं किमान १५ दिवस प्रशासनाला लेखी कळवायचं. बोअर मारणाऱ्या एजन्सीची नोंदणी असली पाहिजे. कामाच्या जागी मालकाचं आणि एजन्सीचं नाव-पत्ता असलेला फलक हवा, भोवती कुंपण हवं. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा हवा, तोंडावर झाकण हवं. बंद पडलेला बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायचा. आता तुम्हीच सांगा, तुमच्या गल्लीत शेवटचा बोअर मारला तेव्हा असा फलक कुणी पाहिला? आमच्या गल्लीत तरी मी पाहिला नाही. आमच्या सोसायटीच्या बोअरसाठी आम्ही एका कार्यालयात अर्ज द्यायला गेलो, तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी आधी विचारलं, "हा अर्ज घ्यायचा कुणी?" मग आम्हाला तीन टेबलं फिरवलं आणि शेवटी पोच न देता अर्ज ठेवून घेतला.

मूल पडलं की टीव्ही येतो, लष्कर येतं, नियम होतात. विजापूर जिल्ह्यात इंडी तालुक्यातल्या लच्याण गावात एप्रिल २०२४ मध्ये एक लहानगा बोअरमध्ये पडला आणि सुखरूप बाहेर आला. त्याच वर्षी कर्नाटकानं आपल्या २०११ च्या भूजल कायद्यात दुरुस्ती करून बोअर उघडा सोडणाऱ्याला तुरुंग आणि दंडाची तरतूद केली. चांगलं केलं. पण पाण्यातून हळूहळू शरीरात जाणाऱ्या गोष्टीसाठी कॅमेरा येत नाही. म्हणून तिच्यासाठी नियमही येत नाही.

इतर राज्यांत तरी काय आहे? गोव्यात २००२ च्या कायद्यानं विहीर खणायला परवानगी आणि असलेल्या विहिरीची नोंद लागते. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे. त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, ६० मीटरच्या खाली जाण्यावर बंधन आहे. त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असं होतं. या सगळ्याचा भर एकाच प्रश्नावर: पाणी किती काढताय? पाणी कसं आहे, हा प्रश्न घरगुती बोअरच्या मालकाला कुणी विचारतच नाही.

नवापूर स्टेशन आठवा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. फलाटावरच्या बाकावरूनही सीमा जाते. त्या रेघेच्या एका बाजूला एक कायदा, दुसऱ्या बाजूला दुसरा. खालच्या पाण्याला ती रेघ माहीत नाही. आपण रेघेवरची माणसं आहोत, त्यामुळे दोन्हीकडच्या नियमांतली भोकं आपल्याच वाट्याला येतात.

आता बमरोलीतली खरी मेख सांगतो. इथंच सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारा महापालिकेचा प्रकल्प आहे. २०१४ पासून तो शहराचं सांडपाणी गाळून, शुद्ध करून पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला देतो. क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर. उत्तम योजना आहे, मी तिचं कौतुकच करतो. गोडं पाणी वाचतं आणि गिरणीला पाणी मिळतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गिरणीला पाणी देताना त्याचं मोजमाप होतं, कारण पाणी जड असलं तर साडीवर रंग नीट चढत नाही. म्हणजे साडीला लागणाऱ्या पाण्यासाठी प्रयोगशाळा आहे. ती साडी रंगवणारा माणूस घरी येऊन जे पाणी पितो, त्याला नाही!

मग आमचं पाणी तपासतं कोण? बोअरवाला. तो पहिल्या पाण्याची ओंजळ भरतो, तोंडात घेतो, थुंकतो आणि म्हणतो, "गोडं लागलं." झाली तपासणी! मचूळ असेल तर जिभेला कळतं. जड असेल तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते आईला कळतं. पण नायट्रेटला चव नसते. क्रोमियमला आणि जंतूंनाही नसते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं आडात काय काय आहे तेच माहीत नाही, आणि पोहरा रोज भरून वर येतोय.

हा घाबरवण्याचा प्रकार नाही, साधा हिशेब आहे. सुरतेची जमीन तापीच्या गाळाची. पाणी फार खोल नाही, माती-वाळूतून मुरणारं आहे. शेजारी रंगाईची वसाहत, मधून खाडी, गल्लीत जुने शोषखड्डे आणि गटारी. बोअर मारताना केसिंग आणि भोवतालची माती यांच्यात पोकळी राहते. ती वरून सिमेंटनं बंद केली नाही तर वरचं घाण पाणी केसिंगच्या कडेनं सरळ खाली उतरतं. सिमेंटच्या दोन-चार गोण्यांचं काम, पण तेच वाचवलं जातं. ६ जानेवारी २०२२ ला सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात होता. त्यातून निघालेल्या वायूनं सहा कामगार मेले. जो माणूस अंधारात नाल्यात टँकर रिकामा करतो, तो तुमच्या बोअरला आधी नोटीस पाठवत नाही.

काही जण म्हणतील, "आमच्याकडं आरओ आहे." आरओ विकायला येणारा पोरगा पाण्यात दोन सळ्या घालतो, वीज सोडतो, पाणी तपकिरी होतं आणि आई घाबरून हप्ता बांधते. ती जादू समजून घ्या. लोखंडाची सळी विजेनं झिजते, गंज पाण्यात येतो. ज्या पाण्यात क्षार जास्त, त्यात वीज जास्त वाहते आणि रंग गडद होतो. त्यात विष आहे की नाही, हे त्यातून काहीच कळत नाही. टीडीएसचं पेनही फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. कुठला क्षार, ते सांगत नाही. आणि "आम्ही उकळून पितो" म्हणणाऱ्यांसाठी: उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, म्हणून त्याचं प्रमाण उलट वाढतं. दूधपित्या बाळाला ते सगळ्यात घातक.

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला जास्त पटतो. आमचे एक आप्पा म्हणतात, "भो, नियम वाढवशील तं टेबल वाढतीन, आनि टेबल वाढले तं पैसे वाढतीन." खरंय. गरिबाच्या बोअरला सील ठोकायचं आणि मग सील काढायचे पैसे घ्यायचे, हे आपण इतर बाबतीत पाहिलंय. भाडेकरूची तर दोन्हीकडून मरणं. म्हणून नियम कुणावर टाकायचा, हे आपणच सांगायला हवं. तो बोअर मारून पैसे कमावणाऱ्यावर पडावा, घर विकणाऱ्यावर पडावा, खोल्या भाड्यानं देणाऱ्यावर पडावा. आणि तपासणीत पाणी वाईट निघालं म्हणून, पर्यायी नळ दिल्याशिवाय कुणाचाही बोअर बंद होता कामा नये.

हे अशक्य नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, जिथं आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, सप्टेंबर २००२ पासून खाजगी विहीर असलेलं घर विकताना पाण्याची तपासणी बंधनकारक आहे. घेणारा आणि विकणारा दोघांनी तो रिपोर्ट पाहायचा, मगच व्यवहार पुरा. आपल्याकडं दस्ताला फोटो लागतो, अंगठा लागतो, साक्षीदार लागतात. एक पाण्याचा कागद जड होणार आहे का?

आणि कागद कुठल्या भाषेत, हाही प्रश्न आहे. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, ही मोठी गोष्ट आहे. जी पोरं मराठीत विज्ञान शिकतात, त्यांच्या घरी पाण्याचा रिपोर्ट मराठीत का येऊ नये? इथं हक्क माहीत असायला हवेत. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की तक्रार निवारणासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. म्हणजे निवेदन मराठीत, माहितीचा अर्ज हिंदीत किंवा गुजरातीत. बेळगावच्या पोरांनी तिथं हिंदी किंवा कन्नड वापरावं. भाषेच्या नावाखाली अर्ज परत येऊ देऊ नका.

आपल्या मागण्या पाच:

१. प्रत्येक नव्या बोअरचा एक कागद: खोली, केसिंगची लांबी, सिमेंट भरलं की नाही, एजन्सीचा नोंदणी क्रमांक. तो एजन्सीनं द्यायचा.
२. नव्या बोअरची पहिली तपासणी एजन्सीच्या बिलात. रिपोर्ट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.
३. औद्योगिक वसाहतीशेजारच्या वस्त्यांत वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, मोफत तपासणी. निकाल वॉर्डच्या फलकावर, लोकांच्या भाषेत.
४. घर विकताना आणि भाड्यानं देताना पाण्याचा रिपोर्ट.
५. रिपोर्ट वाईट आला तर आधी नळ, मग सील.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. सोसायटीतल्या दहा घरांनी वर्गणी काढा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटली चालते. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. आय.एस. १०५०० या भारतीय मानकाशी आकडे ताडा: टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालतं. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. फ्लोराईड १, जास्तीत जास्त १.५. क्रोमियम ०.०५. हे सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. रंगाईच्या पट्ट्यात राहत असाल तर जड धातू मुद्दाम सांगून तपासून घ्या, साध्या पॅकेजमध्ये ते बहुधा नसतात.

मग तो रिपोर्ट निवेदनाला जोडा, निवेदन मराठीत लिहा, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आपली भाषा टिकावी म्हणून आपण भांडतो. ती बोलणाऱ्या माणसाच्या पोटात रोज काय जातंय, यासाठीही भांडू.