बिल पाण्याचे, प्रश्न मानाचा



भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक घरमालकाचा निरोप आणि दुसरी अचानक फुगलेले बिल. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दारात आल्या तर संसारी बाई कशी गांगरून जाते, ते आम्ही नुकतेच जवळून पाहिले.

रविवारच्या वंदनेला विहारात नियमित येणाऱ्या आमच्या एका भगिनी. घरात पाच माणसे, दोन खोल्या भाड्याच्या. पाण्याचे बिल भाडेकरूने भरायचे, असे ठरलेले. दर दोन महिन्यांनी 48 ते 50 युनिटचे, पाचशेच्या आतबाहेर बिल येई. या वेळी आले 90 युनिटचे, 1,300 रुपयांचे. युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून रक्कम दुपटीवर थांबली नाही. मालक बिल हातात देऊन म्हणाले, "बाई, तुमच्यात माणसं फार जमतात. ही काय धर्मशाळा आहे? परवडत नसेल तर दुसरीकडे बघा."

पैशांपेक्षा ते 'तुमच्यात' त्यांना लागले. आडनाव ऐकून दारे लावून घेणाऱ्या वस्तीत ही जागा मिळायला त्यांना चार महिने लागले होते. मुलांची शाळाही जवळ. "दादा, भरून टाकते आणि गप्प बसते," असे त्या म्हणाल्या. उलट विहारातल्या तरुणांचे रक्त तापले. मालकच पाणी चोरत असणार, आत्ताच्या आत्ता जाब विचारू, असे त्यांचे म्हणणे.

आम्हाला दोन्ही पटले नाही. न तपासता पैसे भरणे म्हणजे आरोप कबूल करणे. आणि न तपासता चोर ठरवणे म्हणजे मालकाने केले तेच आपण करणे. ऐकीव गोष्ट तशीच मानू नये, पारखून घ्यावी, हा कालाम सुत्ताचा उपदेश फक्त विहारात ऐकायचा नाही. तो पाण्याच्या मीटरलाही लागू आहे.

म्हणून आधी कागद. बिलावरचे मागील व चालू रीडिंग आम्ही वहीत उतरवले आणि मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहिले. कित्येकदा रीडिंग न घेताच सरासरीचे बिल येते आणि मग राहिलेले युनिट एकदम अंगावर पडतात. इथे तसे नव्हते. रीडिंग बरोबर होते.

मग हिशेब. आम्ही कारकुनी पेशाचे. जमाखर्च जुळला नाही की चैन पडत नाही. एक युनिट म्हणजे 1,000 लिटर. 90 युनिट म्हणजे 60 दिवसांत 90,000 लिटर, रोजचे 1,500. आता ठेवायला जागा किती? टाकी 500 लिटरची, पिंप 200 लिटरचे. पाणी येते दिवसातून एकदा, दीड तास. तेवढ्यात नळाखाली धुणीभांडी केली त्याचे 150 धरा. एकूण 850. उरलेले 650 लिटर रोज या बाईंनी कुठे साठवले? पाहुणे कितीही आले तरी टाकीत नसलेले पाणी ते पिणार कसे?

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी आम्ही हजर झालो. मालकांनाही मुद्दाम बोलावले. पाणी सुटते तेव्हा नळीतून आधी हवा येते आणि तीही मीटर फिरवते, म्हणून पहिली काही मिनिटे सोडून दिली. मग टाकीचा कॉक आणि घरातले सगळे नळ बंद केले. फ्लशच्या टाकीत आदल्या रात्रीच नीळ टाकून पाहिली होती. भांड्यात रंग उतरला नव्हता, म्हणजे तिथे गळती नव्हती. सगळे बंद, तरी मीटरचे चक्र फिरतच होते! पंधरा मिनिटांत 108 लिटर. आठवीतल्या मुलीने तिथेच गुणाकार केला: दीड तासाचे 648 लिटर, 60 दिवसांचे जवळजवळ 39 युनिट. मालक गप्प झाले.

प्लंबरने फरशी उचलली. पूर्वी मागच्या अंगणात एक नळ होता. तो काढला, पण जमिनीखालची लोखंडी नळी तशीच राहिली. ती गंजून फुटली होती आणि पाणी सरळ झाकलेल्या गटारात जात होते. भाडेकरूने उधळले नव्हते आणि मालकाने चोरलेही नव्हते.

पाणी खात्याने सांगितले की मीटरच्या पुढची गळती ग्राहकाची, बिल भरावेच लागेल. मग वही पुढे ठेवून वाटणी केली. 51 युनिट वापराचे 520 रुपये बाईंनी भरले; गळतीचे 780 आणि दुरुस्तीचा खर्च मालकांनी. 'तुमच्यात' या शब्दाबद्दल ते काही बोलले नाहीत. पण घर सोडण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

भगिनींनो, दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचे रीडिंग कॅलेंडरवर लिहा. काळे आकडे युनिटचे, लाल आकडे लिटरचे. ठिबकणारा नळ क्षुल्लक समजू नका. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाला वीस-एक लिटर जातात. मालकाला पैसे दिले की पावती घ्या. घराच्या करारात पाण्याचे बिल कोणाचे आणि जुन्या नळीची दुरुस्ती कोणाची, हे स्पष्ट लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसेच कलम 29 प्रमाणे भाडेकरूला त्रास देण्यासाठी पाणी तोडता येत नाही.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या लेकरांना तोंडपाठ असते. पण त्यानंतर दहा वर्षे कोर्टात कागद लढले, हे किती जणांना ठाऊक आहे? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी प्रतिपक्षाला पुराव्याने सिद्ध करता आली नाही, म्हणून 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पाण्यावरचा हक्क धैर्याने मिळाला आणि पुराव्याने टिकला. तेव्हा कोणी बोट दाखवले तर मान खाली घालू नका, आवाजही चढवू नका. वही काढा.

जयभीम!