समुद्रशैवालाचा रंग आणि बाजाराची घाई
जपानी घरांतून मिसो सूपात पडणाऱ्या वाकामे नामक तपकिरी शैवालातील फ्युकोझँथिन या नारिंगी रंगद्रव्यामुळे उंदरांच्या पोटातील पांढऱ्या चरबीत यूसीपी-१ हे प्रथिन निर्माण होऊन मेद उष्णतारूपाने खर्च होऊ लागतो, असे होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली दाखविले, हे निर्विवाद. परंतु मनुष्यावरील चाचण्या थोड्या आणि लहान असता, तेवढ्या दाखल्यावर मेदवृद्धी व मधुमेह यांवरचा हुकमी इलाज म्हणून त्याच्या गोळ्या खपविणे म्हणजे पुराव्याआधीच फैसला जाहीर करणे होय. सूप खुशाल प्यावे, चवदार असते. मात्र तपकिरी शैवालात आयोडीन मुबलक असते, आणि थायरॉइडच्या रुग्णाला हे कोणी जाहिरातदार आपणहून सांगणार नाही. म्हणून शैवालजन्य गोळ्यांच्या बाटलीवर आयोडीनचे प्रमाण ठळकपणे छापण्याची सक्ती सरकारने बिनदिक्कत करावी.