जुन्या फटफटीची नाडीपरीक्षा

दिवाळीला मंडळी गावी जातात आणि पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली आजोबांची फटफटी थोरल्या चिरंजिवांच्या नजरेस पडते. गाव बीड जिल्ह्यातले चकलांबा असो की आणखी कोठले, ती जावा किंवा बुलेट असावी. बुलेट मद्रासला १९५५ पासून बनू लागली. म्हैसूरचा जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला नि १९९६ मध्ये बंद पडला. चिरंजीव इंजिनाला तेलपाणी करतात. तारांचे वय मात्र कोणी विचारीत नाही!

वाचकहो, हे दुखणे हसण्यावारी नेऊ नका. दिवाळीनंतर उसाचा हंगाम भरात येतो. मागे दिवा नसलेली उसाची गाडी अंधारात पुढ्यात आली आणि नेमका तेव्हाच आपला दिवा विझला, तर?

जुन्या जावाची बॅटरी ६ व्होल्टची. २४ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर २ अँपिअर पुरतात. ६ व्होल्टवर ४ लागतात. म्हणून एका गंजलेल्या सांध्याने अर्धा व्होल्ट खाल्ला, तरी उजेड सुमारे पाव हिश्शाने घटतो. लोक उगाच बल्ब बदलीत बसतात.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार सोडवावी. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी नको. मग हँडलच्या मानेपाशी पाहावे. तेथे तारांना सतत पीळ पडून वेष्टण फाटते. टाकी व सीटखालच्या ताराही चाचपाव्या. वेष्टण तडकले असेल, तर नुसती पट्टी गुंडाळून भागवू नये. तेवढ्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची नवी तार घालावी. प्रवाह सांगाड्यातूनच परततो, तेव्हा तार जेथे सांगाड्याला कसलेली असते तेथला गंज नि रंग पॉलिश पेपरने खरवडून काढावा.

नवी बॅटरी जोडण्यापूर्वी सांगाड्याला धन टोक आहे की ऋण, हे पाहून घ्यावे; जुन्या विलायती गाड्यांत पुष्कळदा धन असे. आणि फ्यूज वारंवार उडू लागला, तर त्या जागी जाड तार घालू नये. फ्यूज घरच्या वडीलधाऱ्यांसारखा असतो. त्याच्या रागाचे कारण शोधावे, तोंड बंद करू नये!

एवढे झाल्यावर दिवा, हॉर्न व मागचा दिवा अंगणातच पाहावा. पहिल्या चार फेऱ्या दिवसाउजेडी माराव्या. रात्रीची स्वारी त्यानंतर; आणि सूनबाईंना मागे बसवायचे ते त्याच्याही नंतर.