पणजोबा, हाजीर हो!

आमचे पणजोबा होऊन गेले, याबद्दल घराण्यात आजवर दुमत नव्हते. वडील होते, आजोबा होते, त्या अर्थी त्यांच्याही आधी कुणीतरी असणारच, असा आमचा साधा हिशोब. पुतणीच्या कॉलेजप्रवेशाने तो हिशोब मोडीत काढला. मोडीत हा शब्द इथे शब्दशः घ्यावा.

पुतणीपाशी कुणबी असल्याचा दाखला होता. पण तो दाखला खरा असल्याचा आणखी एक दाखला लागतो, त्याला वैधता प्रमाणपत्र म्हणतात. इतर मागास वर्गाला त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे कागद दाखवावे लागतात. त्यातही मुरांब्यासारखे आहे, जितका जुना तितका बरा. मुदत तीन आठवड्यांची. ती चुकली की जागा गेली. "दादा, तू तर आता रिटायरच आहेस," असे म्हणून धाकट्या भावाने फाइल माझ्या हाती दिली आणि मी एस.टी.ने पोलादपूरच्या वाटेला लागलो.

सुरुवात तर फार झकास झाली. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांचे नाव सापडले. वडिलांचे नाव सखाराम, जात कुणबी. मास्तरांचे अक्षर असे की फ्रेम करून लावावे. पुढे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, आजोबांच्या जन्माची मोडीतली नोंदही निघाली. बापाचे नाव सख्या वल्द धोंडू, जात कुणबी. मला तर भरून आले. दोन्ही नकला घेऊन मी एका कचेरीत हजर झालो. कुठली ते विचारू नका.

"हा सखाराम कोण?" टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारले.

"माझे पणजोबा."

"आणि हा सख्या?"

"तेही माझे पणजोबाच."

"म्हणजे दोघे?"

"नाही हो. एकच."

"कशावरून?"

या 'कशावरून'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पणजोबांना जाऊन किती वर्षे झाली, हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. त्यांना साक्षीला कुठून आणणार? शेजारच्या टेबलावरचा तरुण कारकून तोवर नक्कल न्याहाळत होता. तिच्यावर 'जिल्हा कुलाबा' असे होते. तो म्हणाला, "साहेब, हे तर मुंबईचं दिसतंय."

आता माझे भांडण काय आहे ते सांगतो. खोटे दाखले काढणारे महाभाग आहेत, हे मला मान्य. तपासा, जरूर तपासा. पुरावा अर्जदाराने द्यायचा असे कायदा म्हणतो, तेही मान्य. पण वही सरकारची, लिहिणारा हात सरकारच्या माणसाचा, वही ठेवायचे कपाट सरकारचे आणि त्या वहीत पणजोबांचे नाव अर्धे का लिहिले, याचा जबाब मात्र माझ्या पुतणीने द्यायचा! कोतवाल बुक लिहिताना कुळवाड्याला कुणी सखारामपंत म्हणत नव्हते. राबणाऱ्या माणसाच्या नावाला 'या' लावायची रीतच होती. जुनी दप्तरे चाळा, खोताच्या घरचा गोविंद कुठे 'गोंद्या' झालेला सापडला तर मला कळवा. त्या काळी ज्या 'या'ने पणजोबांना खाली बसवले, तोच 'या' आता त्यांच्या खापरपणतीला कॉलेजबाहेर बसवणार होता.

बरे, नाव बदलले की माणूस बदलतो असे म्हणावे, तर सरकारने स्वतः किती नावे बदलली? मुंबई राज्याचे 1960 साली महाराष्ट्र झाले. कुलाबा जिल्ह्याचा 1981 साली रायगड झाला. 2024 साली ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. 'पूर्वीचा तो आणि आताचा हा एकच' असे प्रतिज्ञापत्र यांच्याकडे कुणी मागितले? या न्यायाने खुद्द तानाजी मालुसऱ्यांचेही काही खरे नव्हते. जन्म जावळीतल्या गोडोलीचा सांगतात, देह 1670 साली सिंहगडावर पडला आणि समाधी आमच्या पोलादपूर तालुक्यात उमरठला. 'रहिवास जुळत नाही' असा शेरा मारून सुभेदारांची फाइल परत गेली असती.

आणि सरकारला शोधता येत नाही असे थोडेच आहे? 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मोडी वाचणारे कामाला लावले, आणि 50 लाखांहून जास्त कुणबी नोंदी बाहेर निघाल्या. मनात आणले की पणजोबा लाखांनी सापडतात. माझा एकच होता.

तो सापडला महाडला, आत्याच्या माळ्यावर. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आत्याच्या घरातली पत्र्याची ट्रंक बुडाली होती. आतले कागद तिने कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवले होते. "लोक भांडी पुसत होते आणि मी हे वाळवीत होते," आत्या म्हणाली, "शेजारणी हसल्या रे मला." शाई फुटली होती, कडा गेल्या होत्या. ओळखीचे एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात, त्यांच्याकडे पुडके नेले. मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, ह्रस्वदीर्घही पाळत नाहीत. त्यात पुराचे पाणी. मास्तर भिंग लावून तासभर गप्प. मग एकदम म्हणाले, "सापडला तुमचा माणूस!"

तो एक कर्जरोखा होता. 'सखाराम ऊर्फ सख्या वल्द धोंडू, जात कुणबी, राहणार मौजे' अमुक, असे साग्रसंगीत लिहिले होते, आणि खाली पणजोबांची निशाणी नांगर. शाळेला एक नाव पुरले, कोतवालाला अर्धे पुरले. माणसाची पुरती ओळख पटवून घ्यावीशी वाटली ती फक्त सावकाराला. कर्ज फिटले की नाही ते कागदावरून कळत नाही. सावकाराचे कुणी वारस हे वाचत असतील तर त्यांनी कृपा करून पुढे येऊ नये.

प्रमाणपत्र मुदतीच्या आदल्या दिवशी मिळाले. पेढे घेऊन महाडला गेलो. तिच्याकडे भिंतीवर पुराची तांबूस रेघ अजून दिसते, रंग दिला तरी पुन्हा वर येते. मी म्हटले, "आत्या, काम झालं. आता या रद्दीचं काय करायचं?"

आत्याने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने स्टूल आणले. ट्रंक आता त्या रेघेच्या चार हात वर आहे.