मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

शनिवारचा चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी शुक्रवारची मीटिंग काही डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहितोय.

विषय साधा. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. एक मुख्य सर्व्हर, एक त्याची रेप्लिका. ऑडिटच्या यादीत रकाना होता : पासवर्ड एन्क्रिप्शन चालू आहे का? कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड_एन्क्रिप्शनपुढे स्क्रॅम-शा-२५६ लिहिलेलं. झाली टिक! मी विचारलं, रेप्लिकेशनच्या युजरचं काय? उत्तर आलं, "अरे, ते आतलंच नेटवर्क आहे!"

या 'आतलंच' शब्दाचा मला भयंकर राग येतो.

एक म्हणजे, ते सेटिंग फक्त यापुढे ठरवलेल्या पासवर्डला लागू होतं. जुने जसेच्या तसे राहतात. स्क्रॅम आलं २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत. डिफॉल्ट झालं २०२१ मध्ये, चौदाव्या. आमचा युजर त्याआधीचा, त्यामुळे पीजी_ऑथआयडीमध्ये त्याचा पासवर्ड अजून 'एमडी५'नेच सुरू होतो. आणि एमडी५ची मेख अशी, की मूळ पासवर्ड शोधायचीही गरज नाही. साठवलेला हॅश हाती लागला, की त्याच्याच जोरावर लॉगिन करता येतं.

दुसरं म्हणजे, हा युजर कुणी साधा शिपाई नाही. रेप्लिकेशनचा अधिकार असला की पीजी_बेसबॅकअप चालवून अख्खा डेटाबेस उचलून नेता येतो. अडवणार कोण, तर पीजी_एचबीए फाइल. आमच्या फाइलीत रेप्लिकेशनच्या ओळीत काय होतं? 'ट्रस्ट'!! म्हणजे पासवर्ड विचारायचाच नाही. तोही ऑफिसच्या सगळ्या मशीन्सना. मग कॉन्फिगमधल्या त्या स्क्रॅमची काय पूजा करायची?

"पण बदललं तर रेप्लिका बंद पडेल..." नाही पडत हो. पासवर्ड जोडणी करताना तपासतात, चालू जोडणी तुटत नाही. पीएसक्यूएलच्या पासवर्ड कमांडने नवा पासवर्ड द्या, म्हणजे तो लॉगमध्ये उघडा पडत नाही. रेप्लिकावरच्या पासवर्डच्या फाइलीत तो लिहा, तिचे परमिशन ०६०० ठेवा. मग 'ट्रस्ट' काढून स्क्रॅम लिहा, आणि ओळ होस्टएसएसएल करा. कारण स्क्रॅम पासवर्ड सांभाळतं, तारेतून वाहणारा डेटा नाही. रेप्लिकाची पीजी_एचबीए फाइलही उघडून बघा. युजर आपोआप तिकडे जातात, त्या फाइलीतले बदल जात नाहीत.

एवढंच काम. तरी 'पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू' म्हणून ढकललं. त्या टेबलांत आपल्यासारख्याच लोकांचे फोन नंबर, पत्ते आणि पगार आहेत. त्यांना कुणी विचारलं का, पुढचा स्प्रिंट चालेल का म्हणून?

असो. सोमवारी गेल्या गेल्या आपापली पीजी_एचबीए फाइल उघडा. आणि कुणी 'आतलंच आहे' म्हणालं, तर त्याला सांगा, घराची किल्ली सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टांगून ठेव.

तीही आतलीच जागा आहे ना!