विल्नियस नगरीचें दर्शन

“पॅरिस, रोम सोडून विल्नियसला कशाला गेलांत?” असें घरांतील तरुण मंडळींनीं मला परत आल्यावर विचारलें. उत्तर सोपें होतें. मीं जन्मभर मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकून घेतलीं. बाल्टिक समुद्राकांठच्या लिथुआनिया देशांत ‘सूनु’ला आजहि ‘सूनुस्’, मेंढीवाचक ‘अवि’ला ‘अविस्’ आणि धुराला ‘दूमाइ’ म्हणतात, हें वाचल्यापासून त्या देशाची राजधानी एकदां पाहावी असें मनांत होतें. फ्रान्झ बोप या जर्मन पंडितानें आपल्या तौलनिक व्याकरणांत संस्कृत व ग्रीक यांच्या पंक्तीस या भाषेला बसविलें, तें उगीच नव्हे. पुतण्या जर्मनींत नोकरीस असल्यामुळें हा योग आला.

पहिल्या दिवशीं गेदिमिनासची टेंकडी चढलों. वाट गोटे बसविलेली असल्यानें गुडघ्यांनीं निषेध नोंदविला. पण वर विटांच्या जुन्या बुरुजाजवळ उभें राहिलें म्हणजे तांबड्या कौलांचें सारें शहर पायांशीं दिसतें. खालीं विल्निया नदी नेरिसला मिळते. महाराज गेदिमिनास शिकारीच्या श्रमानें येथें निजला असतां शंभर लांडग्यांच्या आवाजानें ओरडणारा एक लोखंडी लांडगा त्याच्या स्वप्नांत आला, आणि पुरोहितानें ‘येथें नगर वसव’ असा अर्थ सांगितला, अशी आख्यायिका आहे. इतिहासाला मात्र १३२३ सालचें त्याचें पत्र पुरें आहे. नगराचा पहिला उल्लेख त्यांत सांपडतो.

टेंकडीखालीं पांढऱ्या खांबांचें मुख्य ख्रिस्तमंदिर आहे. सोव्हिएट अमदानींत १९५० सालीं त्याच्या छपरावरील तीन संतांचे पुतळे पाडले, आणि पुढें मंदिराची चित्रशाळा केली. आतां पूजाअर्चाहि परत आली आहे व पुतळेहि. समोरच्या चौकांत एक फरशी आहे. २३ ऑगस्ट १९८९ रोजीं तालिन, रीगा व विल्नियस या तीन राजधान्यांना जोडणारी सुमारें वीस लाख माणसांची सांखळी हातांत हात घालून उभी राहिली, तिची ती खूण. संत ॲनाचें विटांचें मंदिर फार नाजूक आहे. तें तळहातावर घेऊन पॅरिसला न्यावें असें नेपोलियनला वाटलें म्हणतात. वाटलें असेल!

माझा पाय अडला तो विद्यापीठांत. १५७९ सालीं स्थापन झालेलें हें विद्यापीठ १८३२ मध्यें झारनें बंद केलें. पुढें १८६३ च्या उठावानंतर, १८६४ पासून १९०४ पर्यंत, रोमन लिपींत लिथुआनियन पुस्तक छापण्यासहि बंदी होती. चाळीस वर्षें! छापावयाचें तर रशियन लिपींत, असा हुकूम. लोकांनीं ती पुस्तकें हातीं धरलीं नाहींत. खरीं पुस्तकें सरहद्दीपलीकडे प्रशियांत छापून रात्रीं पाठीवरून आणीत. सांपडला त्याला सैबेरिया. खेड्यांतील आया चरख्यावर सूत काढतां काढतां मुलांना अक्षरें शिकवीत. घरांत पुस्तकांचें कपाट असून त्याची किल्ली कोठें आहे हें ज्यांस ठाऊक नाहीं, अशा कांहीं कुटुंबांची मला आठवण झाली. पण तें असो. या भाषेचें पहिलें मुद्रित पुस्तक मार्तिनास माझ्विदास याची १५४७ सालची धर्मप्रश्नोत्तरी. तिच्या उरलेल्या दोन प्रतींपैकीं एक या ग्रंथालयांत आहे, व तिच्या स्मरणार्थ दाराला कांशाचे कोरीव दरवाजे बसविले आहेत. मीं त्यांवरून हात फिरविला.

आणि तरीहि १८९७ च्या शिरगणतींत या शहरांत लिथुआनियन बोलणारे शंभरांत जेमतेम दोन होते! आज रस्त्यांतून तीच भाषा चालते. पावाच्या दुकानांत बाई ‘त्रीस्, केतुरि, पेन्कि’ मोजूं लागली, तेव्हां माझ्या तोंडून ‘त्रय:, चत्वार:, पञ्च’ आपोआप बाहेर पडलें. बाई हंसली.

मग त्या काळीं शहरांत बोलत तरी काय? पोलिश, रशियन, आणि सर्वांहून अधिक ज्यू लोकांची यिद्दिश. दर दहांत चार माणसें ज्यू होतीं. गाओन एलिया (१७२०–१७९७) याच्यासारख्या महापंडितामुळें ‘लिथुआनियाचें जेरुसलेम’ असा या नगरीचा लौकिक होता. १९४१ पासून १९४४ पर्यंत जवळच्या पानेरियाइच्या रानांत नाझींनीं सुमारें ७०,००० ज्यू मारले. त्या कामीं कित्येक स्थानिक लोकांचेहि हात होते. त्यांच्या महामंदिराचे भग्नावशेष सोव्हिएट सरकारनें युद्धानंतर दहाबारा वर्षांत पाडून टाकले, आणि त्या जागीं मुलांची शाळा बांधली. २०१८ सालीं उत्खननांत धर्मग्रंथ वाचावयाच्या चौथऱ्याचा भाग तेथें मिळाला.

आम्ही त्या जागीं सायंकाळीं गेलों. गाओनचा अर्धपुतळा जवळच आहे. पुतण्याला म्हटलें, येथें कोणी यिद्दिश बोलतांना ऐकूं येतें का पाहूं. अंधार पडेपर्यंत आम्ही तेथें बसलों होतों. जाणारे येणारे लिथुआनियन बोलत होते, दोन मुली रशियन बोलत गेल्या.